तीनशे घोडे, अर्धा वॅट

नववीच्या वर्गात ध्वनीचा पाठ चालू होता. आवाजाचा मोठेपणा, त्याची पट्टी आणि त्याचा पोत या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे नादकाटा आणि बासरी घेऊन सांगून झाले होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, बुलेटचा सायलेन्सर काढला की गाडी जास्त ओढते ना?" मी ताबडतोब 'नाही' म्हणून मोकळा झालो. त्यावर तो मुलगा शांतपणे म्हणाला, "मग सगळे काढतात कशाला?"

माझे 'नाही' घाईचे होते, हे घरी जाताना लक्षात आले. ते पुरते चूक नव्हते, पण पुरते बरोबरही नव्हते. इंजिनाचा जोर आणि नळीतून येणारा आवाज यांचा काहीच संबंध नाही असे म्हणता येत नाही. दोन्हींचा जन्म एकाच घटनेतून होतो. मात्र एक वाढले म्हणजे दुसरे वाढलेच, असेही नाही. याचा निवाडा करायचा तर गल्लीतल्या बुलेटचा उपयोग नाही. तिथे सायलेन्सर बदलण्याआधीचे आणि नंतरचे मोजमाप कोणी केलेले नसते. असतो तो फक्त मालकाचा उत्साह. मला असे उदाहरण हवे होते की ज्यात कारखान्यानेच जोर आणि आवाज दोन्ही बदलले आहेत, आकडे जाहीर केले आहेत आणि ऐकणाऱ्यांनी त्यावर भरपूर भांडून घेतले आहे. असे एक उदाहरण जर्मनीतल्या पोर्शे कंपनीच्या बॉक्स्टर या दोन आसनी स्पोर्ट्स कारचे आहे. (ही गाडी मी चालवलेली नाही, शिक्षकाच्या पगारात तो प्रश्न उद्भवत नाही. ध्वनिमुद्रणे मात्र पुष्कळ ऐकली आहेत, आणि ध्वनिमुद्रणांवरून काय ठरवता येते व काय येत नाही, हे पुढे सांगतो.)

बॉक्स्टर १९९६ साली बाजारात आली. तेव्हापासून २०१६ पर्यंत तिच्या मध्यभागी, चालकाच्या पाठीमागे, सहा सिलिंडरांचे इंजिन असे. हे सिलिंडर उभे नसतात. तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे, आडवे झोपवलेले असतात. समोरासमोरचे पिस्टन मुष्टियोद्ध्यांच्या ठोशांसारखे एकाच वेळी बाहेर आणि एकाच वेळी आत येतात, म्हणून या रचनेला 'बॉक्सर' म्हणतात. २०१६ साली पोर्शेने हे इंजिन काढून त्याच रचनेचे, पण चार सिलिंडरांचे आणि टर्बोचार्जर लावलेले इंजिन बसवले. नावामागे ७१८ हा आकडा जोडला, कारण १९५७ च्या त्याच क्रमांकाच्या शर्यतीच्या गाडीतही चार सिलिंडरांचे बॉक्सर इंजिन होते. पूर्वजाचे नाव घेऊन नव्या सुनेची ओळख करून द्यावी, तसा हा प्रकार.

आता आकडे पाहू. आधीच्या साध्या बॉक्स्टरचे इंजिन २.७ लिटरचे होते, त्याची शक्ती २६५ अश्वशक्ती. नवे इंजिन २ लिटरचे, म्हणजे पाऊण हिश्श्याहून थोडे लहान. पण शक्ती ३०० अश्वशक्ती. त्याहून मोठा फरक टॉर्कमध्ये, म्हणजे दांड्याला मिळणाऱ्या पिळात पडला. जुने इंजिन जास्तीत जास्त २८० न्यूटन-मीटर पीळ देई, आणि तोही मिनिटाला ४५०० फेऱ्यांनंतर. नवे इंजिन ३८० न्यूटन-मीटर देते, आणि ते १९५० फेऱ्यांपासूनच. वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे. ४५०० फेरे म्हणजे सेकंदाला ७५ फेरे, म्हणजे कोनीय वेग ४७१ रेडियन प्रति सेकंद. पीळ गुणिले कोनीय वेग म्हणजे शक्ती. जुन्या इंजिनासाठी उत्तर येते १३२ किलोवॅट, नव्यासाठी १७९ किलोवॅट. म्हणजे त्याच फेऱ्यांना नवे इंजिन सुमारे ६४ अश्वशक्ती जास्त देते. ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला स्वयंचलित गिअरच्या नव्या गाडीला ४.७ सेकंद लागतात. आधीच्या गाडीपेक्षा हे ०.८ सेकंदांनी कमी आहे, आणि शर्यतीच्या जगात हा फरक फार मोठा मानला जातो.

लहान इंजिनाने जास्त काम कसे केले? इंजिनाची शक्ती शेवटी किती हवा आत गेली यावर ठरते. पेट्रोल हवे तेवढे फवारता येते, पण ते जाळायला ऑक्सिजन लागतो. हवा जास्त घ्यायची तर तीन वाटा आहेत: सिलिंडर मोठा करा, फेरे वाढवा किंवा हवा दाबून भरा. टर्बोचार्जर तिसरी वाट धरतो. सिलिंडरातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या वाटेत तो एक चक्र ठेवतो. त्या चक्राच्या दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा दाबून आत ढकलतो. युरोपात २०१५ पासून नव्या मोटारींच्या कार्बन डायऑक्साइडवर सरासरी १३० ग्रॅम प्रति किलोमीटरची मर्यादा आली होती आणि पुढे ती ९५ वर यायची होती. चीनमध्ये तर मोटारीवरचा कर इंजिनाच्या आकारमानावर बसतो. दोन लिटरच्या आत राहण्यात सगळ्यांचेच भले होते. इंधनही कमी लागू लागले.

म्हणजे कागदावर ही निखळ सुधारणा होती. तरीही गाडी बाहेर आली आणि मोटारींच्या समीक्षकांनी, अगदी तिच्या वेगाचे कौतुक करणाऱ्यांनीसुद्धा, एकाच गोष्टीवर बोट ठेवले: आवाज गेला. जोर वाढला आणि आवाज बिघडला! आमच्या मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याच्या सिद्धांताला याहून चांगला प्रतिदाखला मिळणार नाही.

'बिघडला' म्हणजे नेमके काय झाले? इथे समीक्षक बहुधा थांबतात. खडबडीत, घोगरा, दाणे दळल्यासारखा, अशी विशेषणे देऊन पुढे जातात. विज्ञानाच्या शिक्षकाने तिथे थांबू नये.

चार आघातांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. मिनिटाला ३००० फेरे असतील, तर एक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा पेटेल. सहा सिलिंडर असतील तर सेकंदाला १५० ठोके, चार असतील तर १००. ठोके कमी, म्हणून स्वर खालचा. हे सोपे उत्तर झाले. पण नुसता स्वर खाली गेल्याने आवाज खडबडीत होत नाही. खर्जातला तंबोरा काही कर्कश नसतो. खरी गोम ठोक्यांच्या क्रमात आहे.

सहा सिलिंडरांच्या बॉक्सर इंजिनात ठोके एकाआड एक बाजूंना पडतात: डावा, उजवा, डावा, उजवा. चार सिलिंडरांच्या बॉक्सरमध्ये क्रँकची ठेवण अशी असते की एका बाजूचे दोन्ही सिलिंडर लागोपाठ पेटतात आणि मग दुसऱ्या बाजूचे दोन्ही: डावा, डावा, उजवा, उजवा. दोन्ही बाजूंचे आवाज कानाशी अगदी सारखे पोचले, तर या क्रमाने काही बिघडणार नाही, कारण दोन ठोक्यांमधले अंतर सारखेच आहे. पण ते सारखे पोचत नाहीत. दोन बाजू इंजिनाच्या दोन अंगांना, नळ्या वेगवेगळ्या वळणांच्या, त्यांच्या लांब्या तंतोतंत सारख्या ठेवणे अवघड. शिवाय ऐकणारा कुठल्या तरी एका बाजूला उभा असतो.

हे वर्गात टाळ्यांनी करून दाखवता येते, आणि मला तरी यापेक्षा चांगला प्रयोग सुचलेला नाही. वर्गाचे दोन गट करा. डावा गट जोरात टाळी वाजवील, उजवा गट दोन बोटांनी हलकी. फळ्यावर छडीने ठेका द्या. आधी एकाआड एक वाजवू द्या: मोठी, लहान, मोठी, लहान. मग दोन मोठ्या आणि दोन लहान. ठेका दोन्ही वेळा तोच आहे. सेकंदाला पडणाऱ्या टाळ्याही तेवढ्याच. पण पहिल्या वेळी आवर्तन दोन टाळ्यांनी पुरे होते, दुसऱ्या वेळी चार टाळ्यांनी. तबला ऐकलेल्या मुलांना हे सांगावेच लागत नाही.

आता हेच इंजिनाला लावू. सहा सिलिंडरांमध्ये ३००० फेऱ्यांना मूळ ठोका १५० हर्ट्झचा, आणि दोन बाजूंमधल्या फरकामुळे मिसळणारा स्वर त्याच्या निम्मा, ७५ हर्ट्झचा. निम्मी वारंवारता म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला तोच स्वर. सा बरोबर मंद्र सा. कान त्यांना एकजीव करून टाकतो. त्या आवाजाला जो भरदारपणा येतो त्याचे बरेचसे मर्म इथे आहे. चार सिलिंडरांमध्ये मूळ ठोका १०० हर्ट्झचा आणि मिसळणारा त्याच्या चौथाई, २५ हर्ट्झचा. याच्या जोडीला ७५ आणि १२५ चेही स्वर येतात. २५ हर्ट्झ हा आपल्या श्रवणाच्या अगदी उंबरठ्यावरचा स्वर. तिथे कान स्वर ऐकणे सोडून सुटे ठोके मोजू लागतो, आणि मेंदूला तो गुरगुराट किंवा गुडगुड वाटते. जपानच्या सुबारू कंपनीच्या चार सिलिंडरांच्या बॉक्सर गाड्यांची प्रसिद्ध गुडगुड हीच. तिथे तर काही लोक तिच्यावर प्रेम करतात! सुबारूने २००३ च्या लेगसी गाडीत दोन बाजूंच्या नळ्यांच्या लांब्या सारख्या केल्या, तेव्हा ती गुडगुड बव्हंशी गेली आणि चाहते हळहळले. तेव्हा जो आवाज एका घरी दोष ठरतो तोच दुसऱ्या घरी कुळाची खूण ठरतो, हे आवाजाची समीक्षा करणाऱ्याने विसरू नये.

बॉक्स्टरवर दुसरा घाव टर्बोचार्जरने घातला. सिलिंडरातून झडप उघडताच वायू ठोशासारखा बाहेर येतो. त्या ठोशाच्या तीक्ष्ण कडेत वरच्या वारंवारतांचे स्वर भरलेले असतात. टर्बोचे चक्र नेमकी तीच ऊर्जा खाऊन फिरते. म्हणजे खालची गुडगुड उरली आणि वरची धार बोथट झाली. जोर ज्याने दिला, आवाज त्यानेच घेतला. हा योगायोग नाही. आधी आवाजाच्या रूपाने बाहेर पडणारी ऊर्जा आता कामाला लावली, असेच त्याचे वर्णन करता येईल. मात्र इथे प्रमाणाचा विचार करायला हवा, नाहीतर गैरसमज व्हायचा.

गाडीपासून साडेसात मीटरवर आवाज ९० डेसिबेल आहे असे धरा. हा चांगलाच मोठा आवाज झाला. ९० डेसिबेल म्हणजे दर चौरस मीटरला एक सहस्रांश वॅट. साडेसात मीटर त्रिज्येच्या अर्धगोलाचे क्षेत्रफळ साधारण ३५३ चौरस मीटर. गुणाकार केला तर हवेत पसरणारी एकूण ध्वनिशक्ती येते ०.३५ वॅट. उदार होऊन अर्धा वॅट धरू. आणि इंजिनाची शक्ती? ३०० अश्वशक्ती म्हणजे सुमारे २,२१,००० वॅट. म्हणजे सगळी गल्ली जागी करणारा हा आवाज इंजिनाच्या शक्तीचा साडेचार लाखांतला एक भाग आहे! तीनशे घोडे एका बाजूला आणि दिवाळीच्या माळेतला एक इवलासा दिवा दुसऱ्या बाजूला. आपला कान विलक्षण संवेदनशील आहे म्हणून त्या दिव्याचा आपल्याला डोंगर वाटतो. आवाज दहापट केला, ९० चा १०० डेसिबेल केला, तरी साडेतीन वॅट. आवाजावरून जोराचा अंदाज करणे म्हणजे फोडणीच्या वासावरून भाजी किती माणसांना पुरेल हे सांगण्यासारखे आहे.

टर्बो जी ऊर्जा घेतो ती मुख्यतः तप्त वायूच्या दाबाची आणि उष्णतेची. बाहेर ऐकू येणारा आवाज हा त्या दाबाच्या चढउतारांचा नळीच्या टोकाशी उरलेला शेष असतो.

मग माझे 'नाही' चूक कुठे होते? नळीच्या आत. झडप उघडली की दाबाची लाट नळीतून धावत सुटते आणि नळीच्या उघड्या टोकाशी पोचली की तिथून परत फिरते. उघड्या टोकावरून परावर्तन होताना दाबाच्या लाटेची विरळतेची लाट होते, हे बारावीच्या मुलांना पाठ असते. कशासाठी, ते मात्र माहीत नसते. ही विरळतेची लाट झडप अजून उघडी असताना सिलिंडराशी परत आली, तर ती उरलासुरला जळका वायू ओढून घेते आणि ताज्या हवेला जागा करते. हा खराखुरा फायदा आहे. हिशेब करून पाहा: ५०० अंश सेल्सियसच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५५५ मीटर. ७००० फेऱ्यांना क्रँकचा तिसरा हिस्सा फेरा फिरायला २.८६ सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्या वेळात लाट जाऊन येऊन १.६ मीटर चालेल, म्हणजे नळी हवी ८० सेंटिमीटरची. फेरे ४००० वर आले की हीच नळी बेसूर होते, क्वचित उलटेही काम करते. बासरीचे भोक चुकीच्या जागी पाडावे तसे.

तेव्हा आवाज आणि जोर यांचे नाते आहे ते हे: मोजूनमापून सांभाळलेले, नळीच्या आत राहणारे. त्यासाठी नळीची लांबी लागते, सायलेन्सरचा अभाव लागत नाही. सायलेन्सरमुळे वायूला थोडा अडथळा होतो हे खरे, आणि नीट आखलेल्या मोकळ्या सायलेन्सरने थोडीफार शक्ती मिळते हेही खरे. पण सायलेन्सर नुसता कापून टाकणारा माणूस बासरीचा अर्धा भाग मोडून 'आता मोठ्याने वाजते' म्हणणाऱ्याच्या जातीचा.

पोर्शेने आवाजावरच्या टीकेला काय उत्तर दिले? जादा पैसे देऊन घ्यायची एक 'स्पोर्ट्स' धुरनळी होती. तिच्यात झडपा असतात. चालकाने बटण दाबले की झडपा उघडतात आणि वायू सायलेन्सरच्या आडवळणांना चुकवून बाहेर पडतो. माझा मुख्य आक्षेप इथे आहे. तक्रार पोताची होती, इलाज मोठेपणाचा केला. २५ हर्ट्झची गुडगुड मोठी केली की ती मोठी गुडगुड होते. तिचा सूर काही बदलत नाही. वर्गात बेसूर गाणाऱ्या मुलाला ध्वनिक्षेपक हातात देण्यासारखे हे झाले. ज्या कंपनीला आपल्या इंजिनाच्या ठोक्यांचा क्रम पुरता ठाऊक आहे, तिने हे न समजून केले असेल असे मला वाटत नाही. विकता येते ते केले.

त्याच घराण्यात पुढच्याच वर्षी याचा चांगला नमुनाही दिसला. २०१७ च्या जीटीएस आवृत्तीत २.५ लिटरच्या टर्बो इंजिनाची शक्ती ३५० वरून ३६५ अश्वशक्ती झाली. ती कशाने? हवा आत नेणारी नवी वाहिनी आणि सुधारलेला टर्बो यांनी. स्पोर्ट्स धुरनळीही सोबत दिलेली होती, पण पंधरा घोडे आले ते पुढच्या दाराने, हवेच्या वाटेने. आणि आवाज आला तो मागच्या दाराने.

तरीही एका बाबतीत मी त्या चार सिलिंडरांच्या इंजिनाची बाजू घेईन. ते खोटे बोलत नाही. जसे आहे तसे ऐकू येते. याच काळात इतरांनी काय केले, ते पाहिले की या प्रामाणिकपणाची किंमत कळते. बीएमडब्ल्यू कंपनीच्या एम-५ गाडीत दहा सिलिंडरांचे, टर्बो नसलेले, ५०७ अश्वशक्तीचे इंजिन होते. २०११ साली त्याजागी आठ सिलिंडरांचे टर्बो इंजिन आले, शक्ती ५६०. पुन्हा तीच कहाणी: जोर वाढला, सूर दबला. त्यांनी गाडीतल्या ध्वनिवर्धकांमधून, इंजिनाच्या फेऱ्यांशी जुळवलेला, आधी साठवून ठेवलेला इंजिनाचा आवाज चालकाला ऐकवायला सुरुवात केली. म्हणजे गाण्याच्या बैठकीत गवय्याने ओठ हलवायचे आणि पडद्यामागे ध्वनिफीत वाजायची. यात शेजाऱ्याची झोप मोडत नाही, हा गुण मान्य. पण इंजिनाचा आवाज हा इंजिनाबद्दलचा पुरावा असतो. चांगला मिस्त्री त्यावरून एखादा सिलिंडर चुकतोय हे ओळखतो. त्या पुराव्याजागी सजावट ठेवली की तो पुरावा राहत नाही.

याच जातीचा आणखी एक दागिना म्हणजे पाय उचलल्यावर नळीतून येणारे फटफट बार. कित्येक गाड्यांत ते मुद्दाम योजलेले असतात: इंधन थोडे जास्त सोडायचे, ठिणगी उशिरा द्यायची, म्हणजे ज्वलन नळीपर्यंत पोचते. मुलांना हे फार आवडते. त्यांना एवढेच विचारावे की नळीत पेटलेले पेट्रोल पिस्टनला कसे ढकलणार? जो बार ऐकू येतो, त्याचे काम वाया गेलेले असते. शक्तीची म्हणून मिरवली जाणारी ही खूण प्रत्यक्षात गळतीची खूण आहे.

आणि शेवटी सहा सिलिंडर परत आले. २०१९ मध्ये स्पायडर आणि केमन जीटी-४ या आवृत्त्यांत ४ लिटरचे, टर्बो नसलेले, ४२० अश्वशक्तीचे इंजिन आले. २०२० मध्ये जीटीएसलाही तेच इंजिन ४०० अश्वशक्तीचे करून दिले. समीक्षकांनी आनंदोत्सव केला. पण आकडे पुन्हा मांडून पाहू. टर्बोच्या जीटीएसमध्ये २.५ लिटर, ३६५ अश्वशक्ती आणि ४२० न्यूटन-मीटर. नव्या जीटीएसमध्ये ४ लिटर, ४०० अश्वशक्ती आणि पीळ तेवढाच, ४२० न्यूटन-मीटर. तोही ५००० फेऱ्यांनंतर. हाताने गिअर बदलायच्या गाडीला १०० चा वेग गाठायला आधी ४.६ सेकंद लागत, आता ४.५. दीड लिटर जादा आकारमानाने एक दशांश सेकंद मिळवला. म्हणजे ही दीड लिटरची भर मुख्यतः कानासाठी होती, हे उघड आहे. जादा पेट्रोल जळते ते सूर लावण्यासाठी.

हे चूक आहे का? तंबोरा भोपळ्याचाच हवा, लाकडी पेटीचा चालणार नाही, असे म्हणणाऱ्यांच्या देशात बसून मी सुराच्या हौसेला चूक कसे म्हणू? माझे म्हणणे एवढेच की ही हौस आहे असे म्हणून ती करावी, 'कामगिरी' म्हणून नव्हे. गंमत अशी की या इंजिनावर भार कमी असला, की ते आळीपाळीने एका बाजूचे तीन सिलिंडर बंद ठेवते, इंधन वाचवण्यासाठी. म्हणजे सहा सिलिंडरांच्या सुरासाठी पैसे मोजलेला मालक रस्त्याने संथपणे जाताना बऱ्याच वेळा तीनच सिलिंडर ऐकत असतो, आणि बहुतेकांना ते कळतही नसावे.

या सगळ्या चर्चेत एका माणसाचे मत कोणी विचारत नाही: जो गाडीत नाही त्याचे. मोटारींची समीक्षा नेहमी चालकाच्या आसनावरून लिहिली जाते. मगाचाच ९० डेसिबेलचा आवाज घ्या. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तो ६ डेसिबेलने उतरतो. साडेसात मीटरचे पाच वेळा दुप्पट केले की २४० मीटर. तिथे आवाज ३० ने उतरून ६० डेसिबेल उरतो. आपल्याकडच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबेलची आहे. म्हणजे पाव किलोमीटरवर झोपलेल्या तान्ह्या मुलालाही त्या अर्ध्या वॅटचा वाटा पोचतो. युरोपने २०१६ पासून टप्प्याटप्प्याने बांधलेल्या नियमांत सामान्य मोटारीला साडेसात मीटरवर आधी ७२ आणि शेवटच्या टप्प्यात ६८ डेसिबेलची मर्यादा ठेवली आहे. हा चार डेसिबेलचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात ध्वनिशक्ती निम्म्याहून कमी करावी लागते. झडपांच्या नळ्यांची अडचण इथे येते. तपासणीच्या वेळी झडपा मिटलेल्या ठेवायच्या आणि रस्त्यावर उघडायच्या, ही युक्ती चालू नये म्हणून नियमांत नेहमीच्या चाचणीबाहेरच्या वेगांसाठीही अटी घालाव्या लागल्या. आणि फोर्डने २०१८ च्या मस्टँगमध्ये ठरावीक वेळी गाडी हळू आवाजात सुरू होईल अशी सोय दिली, तिला नावच 'चांगला शेजारी' असे ठेवले. आधी मोठ्या आवाजासाठी पैसे घ्यायचे, मग तो लपवण्याच्या सोयीचे कौतुक करायचे!

आपल्या शिकवण्यातली एक उणीव मला या निमित्ताने जाणवली. मोठेपणा, पट्टी आणि पोत यांच्या व्याख्या आपण वेगवेगळ्या लिहून घेतो, पण उदाहरणे नेहमी वाद्यांची देतो. मुलगा बासरी ऐकतो वर्षातून एकदा. सायलेन्सर ऐकतो रोज. प्रश्न त्याच्या मनात तिथे तयार होतात.

म्हणून वर्गासाठी एक स्वाध्याय. फोनवर ध्वनीचा वर्णपट दाखवणारी मोफत अॅप मिळतात. आधीच्या सहा सिलिंडरांच्या बॉक्स्टरचे आणि ७१८ चे असे एकेक ध्वनिमुद्रण घ्या, ज्यात फेऱ्यांचा काटा दिसतो आहे आणि तो ६००० च्या आसपास स्थिर आहे. सहा सिलिंडरांच्या गाडीत ३०० हर्ट्झला उंच शिखर अपेक्षित आहे आणि कदाचित १५० ला दुसरे. चारच्या गाडीत २०० ला, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे ५० च्या अंतराने बुटकी शिखरे. दोन सावधगिऱ्या बाळगा. फोनचा माइक फार खालचे स्वर नीट पकडत नाही, म्हणून कमी फेऱ्यांचे ध्वनिमुद्रण निवडू नका. आणि कोणत्या गाडीचा आवाज मोठा, हे ध्वनिमुद्रणावरून ठरवू नका, कारण मुद्रण करणारे यंत्र मोठा आवाज आपोआप दाबते आणि लहान आवाज उचलते. बुलेटवर हाच प्रयोग करायचा असेल, तर एकच सिलिंडर असल्याने गणित आणखी सोपे आहे: मिनिटाच्या फेऱ्यांना १२० ने भागायचे. सायलेन्सर असताना आणि नसताना शिखरांच्या जागा तपासा. त्या हलल्या का, एवढेच वहीत लिहून आणायला सांगा.